डोकी न मोजता पाहिलेला धबधबा

उर्दूत धबधब्याला ‘आबशार’ म्हणतात. आब म्हणजे पाणी. मराठीतला ‘धबधबा’ हा शब्द मात्र कानाने घडवलेला आहे. पाणी पडताना जो आवाज होतो, तेच त्याचे नाव झाले. उर्दूच्या तासाला एक आणि मराठीच्या तासाला दुसरा, असे हे दोन शब्द मी वर्षानुवर्षे मुलांना शिकवत आले. शाळेच्या सहलीबरोबर तीनदा सहस्रकुंडलाही जाऊन आले होते.

पण शिक्षिकेची सहल कशी असते, हे शिक्षिकेलाच ठाऊक. बसमध्ये चढताना डोकी मोजायची, उतरताना मोजायची, जेवायला बसवताना पुन्हा मोजायची. एकीला उलटी होते, दुसऱ्याची चप्पल हरवते. धबधब्यापाशी तर मुलांकडे तोंड आणि पाण्याकडे पाठ करूनच उभे राहावे लागते. तिन्ही वेळा मी सहस्रकुंड फक्त ऐकले.

घरच्या सफरींचीही तीच गत. आपल्याकडे बाईच्या प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, बाळंतपण, दवाखाना, नाहीतर खुलताबादची जियारत. ही सगळी कारणे खरी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मला बघायचंय’ हे कारण त्या यादीत कधी बसत नाही. धाकटा मुलगा शिकायला वसतिगृहात गेला, त्या पावसाळ्यात मी नवऱ्याला म्हटले, सहस्रकुंडला जाऊ. मुले नाहीत, पाहुणे नाहीत, दोघेच.

ते म्हणाले, “वां अपना कौन है?”

“कोई नहीं. इसीच वास्ते.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग रविवारी दुकान बंद ठेवतो म्हणाले.

फजरची नमाज झाल्यावर पुसेगावहून निघालो. हिंगोली, कळमनुरी, वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर करत इस्लापूर गाठले. तिथे मासेमारी करणाऱ्या घरातला एक तरुण वाट दाखवायला सोबत आला. त्याने आधी ताकीद दिली. काळ्या खडकावर शेवाळ आहे, मी पाय ठेवीन तिथेच ठेवा. वर इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी चढते, तेव्हा मी ‘चला’ म्हटले की फोटो सोडून चलायचे. मग त्याने खडकातले गोल खळगे दाखवले. पुराच्या पाण्यात सापडलेले गोटे भोवऱ्यासारखे फिरत राहतात आणि दगडाला दगड घासून हे रांजणखळगे कोरले जातात. मी भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द पाहिला होता. आता त्या खळग्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. आतून तो तव्यासारखा गुळगुळीत होता.

पोरगा चांगला होता, पण बोलायचा ते सगळे माझ्या नवऱ्याकडे बघून. मी विचारले की उत्तर त्यांना द्यायचा. शेवटी त्यांनीच विचारले, एवढे पाणी येते कुठून? “इसापूरचं,” तो म्हणाला. तेव्हा मी बोलले. पैनगंगा निघते बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. वाटेत तिला आपली कयाधू मिळते. नरसीवरून, हिंगोलीवरून वाहणारी तीच कयाधू. पुढे ही पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते.

नवरा हसला. “मतलब, अपनेच घर का पानी देखने इत्ता दूर आए?”

त्यानंतर तो तरुण माझ्याकडेही बघून बोलू लागला. पलीकडच्या काठाकडे हात करून म्हणाला, “मॅडम, तो विदर्भ.” तो काठ यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्याचा. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि ही नदी सरहद्द बनली. या काठावर निजामाचे राज्य आणि सरकारी कागद उर्दूत. त्या काठावर इंग्रजांचा अंमल. १७ सप्टेंबर १९४८ला इकडचे निजामी राज्य संपले आणि १ नोव्हेंबर १९५६ला दोन्ही काठ एकाच मुंबई राज्यात आले. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्या पाण्यासमोर उभे राहून हे आठवणारच. राज्ये बदलली, तरी सोयरीक मात्र नदी ओलांडून होतच राहिली. माझ्या सासूबाईंचे माहेर उमरखेडचेच.

जोहरची वेळ झाली. झाडाखाली कोरडी जागा पाहून आम्ही चटई अंथरली. प्रवाशाला चार रकातींची फर्ज नमाज दोनच रकातींची होते. ही सवलत मला लहानपणापासून माहीत होती. पण ती वापरली होती लग्नाच्या गर्दीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, घाईघाईने. त्या दिवशी घाई नव्हती. सलाम फेरल्यावर तशीच बसून राहिले. पाण्याचे तुषार चटईपर्यंत येत होते. नवऱ्याने डब्यातली भाजी-चपाती काढली आणि पहिला घास मला वाढून दिला. असे घरी कधी घडल्याचे मला आठवत नाही.

सोमवारी शाळेत एका बाईंनी विचारले, “काल कुणाकडे गेला होतात?” मी म्हटले, नदीकडे. त्यांना वाटले, मी काहीतरी लपवते आहे.

सासूबाईंना फोटो दाखवले. बराच वेळ मोबाईल हातात धरून त्या म्हणाल्या, पैनगंगा त्यांनी पुष्कळदा ओलांडली, पण ती एसटीच्या खिडकीतून, बुरख्याच्या जाळीतून. गाडी पुलावर कधी थांबली नाही. आता त्यांचे गुडघे दुखतात. खडकावर उतरणे त्यांना जमणार नाही, पण काठावर खुर्ची टाकता येईल. येत्या पावसाळ्यात त्यांना घेऊन जायचे ठरवले आहे. तिथे आमचे कुणी राहत नाही आणि कुणाचे लग्नही नाही.