रिकामी ओळ

आमच्या घरी आजोबांच्या हातची एक वही आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, त्या काळात ते वैनगंगेकाठी बालाघाटला येऊन स्थिरावले आणि घरातील जन्ममृत्यू या वहीत टिपू लागले. संख्याशास्त्र शिकणारी माझी नात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आली, तेव्हा तिने ही वही संगणकावर उतरवण्याचे मनावर घेतले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात घडवलेली ‘आर’ ही संगणकभाषा ती वापरते.

घराण्यातील माणसांचे सरासरी आयुष्य तिने विचारले. उत्तर आले : ‘एनए’, म्हणजे अज्ञात.

“आजोबा, एक जरी वय ठाऊक नसलं, तरी ही सरासरी सांगत नाही. अज्ञात वयं गाळायची असतील, तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.”

मी म्हटले, “मग गाळ.” आकडा आला, आणि चांगला भरघोस आला. पण गाळलेली वये कोणाची होती? बहुतेक अल्पायुषी बालकांची आणि लेकींची. नोंद का नाही, हे पाहिल्यावाचून गाळणे धोक्याचे, हा विचार डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली शास्त्रशुद्ध मांडला, असे नातीने सांगितले.

वडिलांच्या भावंडांत चौथ्या क्रमांकावर केवळ ‘कन्या’ एवढाच शब्द आहे. नाव नाही, तिथी नाही. “ती ओळ सोडून दे,” मी सहज बोलून गेलो.

“तिथे ‘नल’ घातलं, तर जागाच नाहीशी होते, सहांची पाच होतात. शून्य घातलं, तर ती वर्षभरही जगली नाही असं आपणच ठरवल्यासारखं होईल. ‘एनए’ घातलं, तर जागा राहते. कुणीतरी होतं, एवढं तरी कळतं.”

मी निरुत्तर झालो. वडील जन्मभर “आम्ही पाच भावंडं” असेच सांगत आले, आणि मीही तेच पुढे सांगितले. माझी एक आत्या आमच्या बोलण्यातून अशी पुसली गेली होती. आजोबांनी मात्र तिची ओळ राखली होती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा वह्या असतील. त्या उतरवताना रिकाम्या ओळी गाळू नयेत, एवढीच विनंती.

नातीने चौथ्या जागी ‘एनए’ लिहिले. आता कुणी विचारले, तर मी सहा भावंडे सांगतो.