लुईव्हिलचा बॅटकारखाना

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या दक्षिण तीरावर लुईव्हिल हे शहर वसले आहे. नदीला समांतर जाणाऱ्या मेन स्ट्रीटवर बिडाच्या नक्षीदार दर्शनी भागांच्या जुन्या व्यापारी इमारती अजून टिकून आहेत. त्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत गेले असता एका इमारतीला टेकून उभी असलेली अवाढव्य बॅट दृष्टीस पडते. तिची उंची १२० फूट आणि वजन ६८,००० पौंड, म्हणजे सुमारे ३१ टन. रंगकामामुळे ती लाकडाची भासते. प्रत्यक्षात ती पोलादाची आहे. तिच्या पायथ्याशी ‘लुईव्हिल स्लगर’ या बेसबॉल बॅटचे संग्रहालय आणि कारखाना १९९६ पासून एकाच छपराखाली नांदत आहेत.

बाहेरची बॅट जितकी भव्य, तितका आतला कारखाना आटोपशीर. जगभर नाव झालेली ही वस्तू अर्ध्या तासात पायी फिरून पाहता येईल एवढ्या जागेत घडते. संग्रहालयाच्या तिकिटातच कारखान्याच्या फेरीचा समावेश असतो आणि वाटाड्या पाहुण्यांना यंत्रायंत्रापाशी थांबवून माहिती देत जातो.

या उद्योगाचा उगम बॅटमध्ये नव्हताच. जर्मनीहून आलेल्या जे. एफ. हिलेरिच यांचे येथे कातारकामाचे दुकान होते. जिन्याचे कठडे, पलंगाचे खूर, लोणी घुसळण्याची लाकडी उपकरणे असा त्यांचा माल असे. त्यांचा मुलगा बड हा खेळाचा वेडा. १८८४ साली स्थानिक संघातील पीट ब्राउनिंग या खेळाडूची बॅट मोडली, तेव्हा सतरा वर्षांच्या बडने त्याला दुकानात आणून नवी बॅट कातून दिली आणि दुसऱ्या दिवशी त्या बॅटने ब्राउनिंगचा हात चालला, अशी कथा येथे सांगितली जाते. वडिलांना मात्र हा खेळण्याचा धंदा मुळीच पसंत नव्हता. लोण्याच्या उपकरणांतच त्यांना भवितव्य दिसत होते. पुढे काय झाले, हे त्या १२० फुटी बॅटकडे पाहून कोणालाही समजते. १८९४ साली ‘लुईव्हिल स्लगर’ हे नाव नोंदवले गेले. १९०५ मध्ये होनस वॅग्नर या विख्यात खेळाडूने आपली सही बॅटवर छापण्याचा करार केला. २०१५ साली हे नाव विल्सन कंपनीकडे गेले. पण बॅटा घडवण्याचे काम याच वास्तूत, हिलेरिच घराण्याच्याच कंपनीकडे राहिले.

क्रिकेटच्या सपाट बॅटशी परिचय असलेल्या पाहुण्याला येथे एक गोष्ट नव्याने उमगते. बेसबॉलची बॅट संपूर्ण गोल असते. तिला पाते नाही, पाठ नाही. गोल चेंडूला गोल दांड्यानेच गाठायचे असते. त्यामुळे लाकडाच्या अंतरंगातील रेषांना फार महत्त्व येते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांतील जंगलांतून ॲश, मेपल आणि बर्च यांचे वाळवलेले गोल ठोकळे येथे येतात. वजन आणि रेषा पाहून त्यांची निवड होते; निर्दोष लाकूड व्यावसायिक खेळाडूंसाठी राखले जाते. एके काळी निष्णात कातारी हाती पटाशी धरून सुमारे अर्ध्या तासात एक बॅट उतरवीत असे. आज संगणकाच्या आज्ञेवर चालणारे लेथ तेच काम मिनिटाच्या आत करते. भुसा उसळतो, ताज्या लाकडाचा वास दरवळतो आणि पाहता पाहता ठोकळ्यातून मूठ, कंबर व माथा प्रकट होतात. ॲशच्या बॅटवर तापलेल्या ठशाने नाममुद्रा डागली जाते. मेपलचे लाकूड अधिक घट्ट असते, म्हणून त्यावर चकचकीत वर्ख दाबून नाव उमटवतात. मग रोगणाच्या भांड्यात बुचकळून बॅटा वाळत ठेवल्या जातात.

गेल्या पंचवीस वर्षांत या कारखान्यातील लाकूडच पालटले आहे. पूर्वी बॅट म्हणजे ॲश, असे समीकरण होते. २००१ मध्ये बॅरी बॉण्ड्सने मेपलच्या बॅटने एका हंगामात ७३ होमरन काढले आणि खेळाडूंचा ओढा मेपलकडे वळला. परंतु मेपलचा दोष लवकरच प्रत्यक्षात आला. ॲश मोडताना बहुधा चिरफाळते. मेपलचे मात्र तुकडे होऊन टोकदार भाले मैदानात, कधी प्रेक्षकांतही भिरकावले जाऊ लागले. २००८ मध्ये काही जण जखमी झाल्यावर मोडक्या बॅटांचा शास्त्रीय अभ्यास झाला. त्यातून निघालेला उपाय अगदी साधा आहे. मेपल किंवा बर्चच्या बॅटच्या मुठीवर शाईचा एक थेंब टाकतात. शाई लाकडाच्या रेषेने पसरते. ती रेषा बॅटच्या सरळ अक्षापासून तीन अंशांहून अधिक कललेली असेल, तर ती बॅट सर्वोच्च श्रेणीच्या सामन्यांसाठी बाद ठरते. मुठीवरचा तो ठिपका मैदानातील कित्येकांच्या डोळ्यांचे व मस्तकांचे रक्षण करीत आहे.

ॲशवरचे संकट याहून गंभीर आहे. २००२ साली मिशिगन राज्यात आशियातून आलेला एक पाचूच्या रंगाचा भुंगा आढळला. त्याच्या अळ्या सालीखालचा रसवाही थर पोखरतात आणि काही वर्षांतच झाड उभ्याउभ्या वाळते. आजवर कोट्यवधी वृक्ष असे गेले. भुंग्याचे शत्रू असलेल्या सूक्ष्म गांधीलमाश्या जंगलांत सोडण्यात येत आहेत. पण गेलेले वृक्ष परत उभे राहण्यास पिढ्या लागतील.

संग्रहालयात बेब रूथची १९२७ सालची एक बॅट जपून ठेवली आहे. तिने मारलेल्या प्रत्येक होमरनगणिक त्याने नाममुद्रेभोवती एक खाच कोरली होती. अशा २१ खाचा तिच्यावर आहेत. फेरी संपताना प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक चिमुकली लाकडी बॅट ठेवली जाते. मुले ती लगेच फिरवून पाहतात. जाणते पाहुणे मात्र ती उजेडाकडे धरून तिच्या रेषा सरळ आहेत की नाहीत, हे आधी न्याहाळतात.