शेजारची खाट

बहिणीच्या नातवाला यंदा इंग्लंडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. आलेल्या कागदांत मेनिंजायटिसची लस घेऊन येण्याची सूचना होती. "आजोबा, हे काय नवीन?" म्हणत त्याने तो कागद माझ्या हाती दिला. मला १९९४ सालच्या डिसेंबरातली एक रात्र आठवली.

तेव्हा मी बेळगावात एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. खानापूरकडचा एक मुलगा संध्याकाळी तापाने फणफणला. डोके दुखते, मळमळते, एवढेच सांगत होता. थंडीचे दिवस, मी तापाची गोळी दिली, "झोप, सकाळी पाहू," म्हटले आणि खोलीवर परतलो.

रात्री दोनच्या सुमारास दार धडधडले. त्याच्या खोलीतला सोबती, गोकाककडचा कन्नड मुलगा, दारात उभा. मोडके मराठी येई, तेही घाबरून विसरला होता. "सर, अवन कुत्तिगे बग्गवल्दु!" त्याची मान वाकत नाही.

जाऊन पाहिले. दिवा लावताच मुलाने डोळे झाकून घेतले. बोलणे असंबद्ध, हातपाय थंडगार. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला उठवून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी कपडे बाजूला सारले, तर पोटावर, मांड्यांवर जांभळट ठिपके. मणक्यातले पाणी तपासायला काढण्याआधीच त्यांनी शिरेतून प्रतिजैविक सुरू केले. सोबत्यालाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या. "सकाळची वाट पाहिली असती, तर उपयोग नव्हता," ते मला म्हणाले. मी मान खाली घातली.

मुलगा वाचला. डाव्या कानाने मात्र त्याला पुन्हा कधी ऐकू आले नाही.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या आवरणाला सूज आली की तो मेनिंजायटिस; जंतू रक्तात पसरून अंगभर विषबाधा झाली की सेप्टिसीमिया. कधी दोन्ही एकदम होतात. उत्तरेत याला 'गर्दनतोड बुखार' म्हणतात; दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली याच्या साथी आल्या. हे जंतू पुष्कळांच्या घशात निरुपद्रवी राहतात, पण दाटीने राहणाऱ्या तरुण मुलांत एकाचे दुसऱ्याला सहज लागतात. सुरुवात साध्या तापासारखी; पुढे चोवीस तासांतही माणूस जाऊ शकतो. काचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे ठिपके ही धोक्याची खूण. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू पाहावी. मात्र ठिपके उमटण्याची वाट पाहत बसू नये. कित्येकांना ते येतच नाहीत.

नातवाला मी हे सारे सांगितले. लस जरूर घे, म्हटले. पण ती ए, सी, डब्ल्यू आणि वाय या प्रकारांची आहे, बी प्रकार तिच्यात येत नाही. म्हणून तिथे ताप आला, तर कुणाला सांगितल्याशिवाय दार लावून निजू नकोस. शेजारचा कुणी तापाने पडला, तर रात्री दोनतीनदा उठून बघ. मान वाकेना, उजेड सोसेना, भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर सकाळ होऊ देऊ नकोस. कुणाला उठवायला संकोचू नकोस. तुझे इंग्रजी अडखळले तरी चालेल. त्या गोकाकच्या मुलाचे मराठीही अडखळले होते.