बुजणे

जनावर बुजले, असे आपण म्हणतो. संकोची माणसाला लावले जाणारे ‘बुजरा’ हे विशेषण आणि पाखरांसाठी शेतात उभे केलेले बुजगावणे, दोन्ही याच कुळातली. या शब्दाचा अर्थ मला गोठ्यात कळला, आणि तोही उशिरा.

त्या वर्षी पहिल्याच पावसात, आई तांबूची धार काढत असताना, मी गोठ्याच्या दारात नवी काळी छत्री फट्कन उघडली. गाय एकदम मागे सरली, दावे ताणले गेले, चरवी कलंडली आणि आईच्या मनगटावर लाथ बसली. रागाच्या भरात मी त्याच छत्रीने तांबूला दोन तडाखे दिले. चूक कोणाची होती, हे तुम्हाला सांगायला नकोच.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे तिला सुमारे ३३० अंशांचा परिसर दिसतो. पण अंतराचा नीट अंदाज येतो तो फक्त समोरच्या अरुंद पट्ट्यात. बाजूला अचानक फुललेला आकार केवढा आणि किती दूर, हे ठरवायला मान वळवावी लागते. तेवढी उसंत भीती देत नाही. भ्यालेल्या गाईच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे काम अडते. आपण मात्र म्हणतो, गाय पान्हा चोरते! हा चोरीचा आळ तिच्यावर कोणी घेतला असेल?

पुढचे तीन दिवस माझी चाहूल लागताच तांबूचे कान ताठ होत, डोळ्यांतला पांढरा भाग दिसू लागे. (नॉर्वेतील संशोधकांनी गाईच्या मनःस्थितीची खूण म्हणून हाच पांढरा भाग मोजला आहे.) आई मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

चौथ्या दिवशी तिने दुखऱ्या हातानेच ती छत्री उघडून अंगणात ठेवली आणि तांबूला सोडले. मला म्हणाली, “तू काही करू नकोस. नुसता बस.” तांबू दूर थांबली, फुरफुरली. मग मान लांब करून, मागचे पाय पळायच्या बेतात ठेवून, एक पाऊल पुढे आली. वाऱ्याने छत्री हलली, तशी दोन पावले मागे. पुन्हा पुढे. ज्या वस्तूची भीती वाटत होती, तिच्यावरून तिची नजरही निघत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे! अखेर तिने छत्रीचे कापड हुंगले, आणि चाटूनही पाहिले.

माझा हात हुंगायला मात्र पोळा उजाडला.