दांतांवरचा आळ

मूल सहा महिन्यांचें झालें कीं त्याच्या सगळ्या दुखण्यांना घरांत एकच उत्तर तयार असतें: "दांत येताहेत." नाक वाहूं लागलें, दांत, अंग कोमट लागलें, दांत, रात्रीं किरकिर केली, तरीहि दांतच! ह्या उत्तराचा मोठा गुण असा कीं, तें ऐकतांच सर्वांची काळजी दूर होते. आणि मोठा दोषहि हाच कीं, काळजीबरोबर पुढील चौकशीहि थांबते.

हें उत्तर फार जुनें आहे. वाग्भटांनीं 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानांत दांतांचें उगवणें हें मुलांच्या सर्व रोगांचें कारण मानलें असून ज्वर, अतिसार, खोकला व वांति यांचा विशेष उल्लेख केला आहे. विलायतेंतहि निराळा प्रकार नव्हता. १८३९ सालीं इंग्लंड व वेल्स येथील सरकारी नोंदींत ५००० हून अधिक बालमृत्यु दांतांच्या माथीं मारलेले आढळतात.

असा समज कां व्हावा, हें उघड आहे. दुधाच्या वीस दांतांची उगवण साधारणपणें सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत चालते. तेव्हां ह्या काळांत कोणतेंहि दुखणें आलें तरी एखादा दांत वाटेवर असावयाचाच. त्याच सुमारास गर्भांत आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ति ओसरते, मूल रांगूं लागतें आणि हातीं लागेल तें तोंडांत घालतें. अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनीं १२५ मुलांच्या रोजच्या नोंदी तपासून २००० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. लाळ, चावणें, हिरड्या चोळणें, चिडचिड व अंगाची किंचित् ऊब हीं दांतांचीं लक्षणें ठरलीं; चोंदलेलें नाक, खोकला, पातळ शौच आणि १०२ अंशांवरचा ताप यांचा मात्र दांतांशीं संबंध दिसला नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मी बदलापुराहून अंबरनाथला धाकट्या बहिणीकडे गेलें होतें. तिची नात आठ महिन्यांची. नाक वाहत होतें, खोकलाहि होता. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. शेजारणींसह सर्वांचें एकमत झालें. सहाणेवर वेखंड उगाळलें गेलें, ओव्याची धुरी झाली. संध्याकाळच्या लोकलनें सूनबाई मुंबईहून परतली व बाळाला पाजावयास बसली. दोन घोट घेऊन बाळ दम खाण्यासाठीं थांबे. तिनें झबलें वर केलें आणि घड्याळ समोर ठेवून पुरता एक मिनिट श्वास मोजले. चौसष्ट भरले. प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात होता. "आई, दांतानें छाती ओढली जात नाहीं हो," ती हलकेंच म्हणाली. भर पावसांत रिक्षा करून आम्हीं उल्हासनगरच्या एका बालरोगतज्ज्ञांचें रुग्णालय गांठलें. फुप्फुसांतील बारीक श्वासनलिका सुजल्या होत्या. दोन रात्री प्राणवायु द्यावा लागला. तिसऱ्या दिवशीं बाळ हंसलें, तों हिरडीवर दांत चमकला. "बघा, दांत होताच!" बहीण म्हणाली. होताच, तें कोणीं नाकारलें नव्हतें. परंतु जिवाला घोर लावणारा तो नव्हता.

साध्या सर्दींत नाकांत औषधी दुकानांत मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घालावे व दूध थोडें थोडें पण वारंवार पाजावें. धुरी टाळावी, कारण धुरानें श्वासनलिका अधिकच चिडते. वर्षाच्या आंत मध चाटवूं नये. सर्दी-खोकल्याचें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नये. त्यांतील एक प्रचलित मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, अशी सूचना भारताच्या औषध नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्यें काढली आहे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे शांतपणीं मोजलेले श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरले, छाती आंत ओढली जाऊं लागली, ओंठ निळसर दिसले किंवा बाळानें पिणें सोडलें, तर सकाळची वाट पाहूं नये.

वाग्भटांनीं असेंहि सांगून ठेवलें आहे कीं, दांत येत असतां मुलाला फार जखडूं नये. दांत आल्यावर ते विकार आपोआप शमतात. हिरडीपुरता हा उपदेश आजहि सोन्यासारखा आहे. नाकाची व छातीची चौकशी मात्र स्वतंत्र व्हावी. निजलेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून मोजणें, एवढी विद्या घरांतील प्रत्येकास यावयास हवी. आणि दिवसभर नातवंड जिच्या मांडीवर असतें, त्या आजीला तर अवश्य.