बदनेऱ्याहून विलायतेस : एका बालप्रवाशाच्या संगतीत

तान्ह्या मुलास घेऊन दूरचा प्रवास करू नये, असे आमच्या वडीलधाऱ्यांचे सांगणे असे. परंतु आता घरोघरच्या लेकीसुना सातासमुद्रापार नांदतात. हा नियम पाळू म्हटले तर नातवंडांचे मुखदर्शनही दुर्लभ व्हावयाचे. गेल्या मार्गशीर्षात माझी कन्या आपल्या अडीच वर्षांच्या मुलास घेऊन लंडनला परत निघाली. जावयांना रजा मिळाली नाही, तेव्हा सोबतीस मी निघालो. पस्तीस वर्षे शाळेत मुले सांभाळलेल्या माणसास एक नातू तो काय भारी, असा माझा समज होता. त्या समजाची काय गत झाली, तेच येथे सांगावयाचे आहे.

अमरावतीजवळच्या बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईस विमान जाऊ लागले खरे. पण आम्हांस हव्या त्या वारी ते नव्हते. शिवाय अकोल्यास व्याही-विहीणबाई नातवाला डोळे भरून पाहण्यासाठी स्टेशनवर येणार होते. म्हणून बदनेऱ्यास दिवसाची आगगाडी धरली. नातू खिडकीशी बसला तो बसलाच. काळ्या जमिनीत फुटलेला पांढरा कापूस, तुरीची पिवळी फुले, बांधावर उभी बैलजोडी, सारे आपण होऊन त्याच्यापुढे येत होते. मूर्तिजापुरास मी त्याला यवतमाळ-अचलपूरच्या छोट्या शकुंतला गाडीची गोष्ट सांगितली. ती गाडी आता धावत नाही, हे मात्र सांगितले नाही. अकोल्यास विहीणबाईंनी दशम्यांचा डबा दिला, नातवाच्या गालावरून हात फिरवला, आणि गाडी हलली तरी त्या खिडकीबरोबर चार पावले चालत राहिल्या. पुढे शेगाव, मलकापूर, भुसावळची केळीची बने. मुंबई येईतो पोराने फारसा त्रास दिला नाही, आणि याचे सारे श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतले!

दोन दिवस मुंबईस विसावा घेऊन दुपारच्या विमानात बसलो. नऊ तासांहून अधिक वेळाचा तो प्रवास. दोन वर्षांखालील मूल विमानात मांडीवर घेता येते. त्याहून मोठ्यास स्वतंत्र आसन घ्यावे लागते. त्याप्रमाणे आमचे बालप्रवासी स्वतःच्या आसनावर ऐटीत विराजमान झाले. विमान उडाले, घरे लहान झाली, तोवर कौतुक टिकले. मग खिडकीबाहेर नुसते पांढरे ढग. सूर्यही आमच्याबरोबर पश्चिमेस निघालेला, त्यामुळे संध्याकाळ काही केल्या होईना. ना स्टेशन, ना फेरीवाला, ना बैल. दीड तासात पोर कंटाळले. त्याने पुढच्या आसनास लाथा मारल्या, पट्टा ओढला, आणि शेवटी टाहो फोडला. पुढील गृहस्थांनी दोनदा मागे वळून पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि माझ्या तोंडून जन्माच्या सवयीने निघाले, “चूप! हाताची घडी घाल!” पोर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग दुप्पट जोराने रडू लागले.

कन्या हळूच म्हणाली, “बाबा, त्याला गप्प बसवू नका. त्याला काहीतरी काम द्या.”

ते वाक्य मला लागले. पस्तीस वर्षे मी मुलांकडून प्रथम स्वस्थता मागितली होती, शिकवणे त्यानंतर. बालशिक्षणाच्या थोर कार्यकर्त्या ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे आमच्या अमरावतीस राहिल्या होत्या. पुढे १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडास खेड्यांतील व आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. महागडी साधने दूर सारून शंख, शिंपले, खडे, पाने यांवर त्यांनी मुलांचे हात चालते केले. हे सारे मी वर्गात सांगितले होते. आचरणात आणण्याचा प्रसंग समुद्रसपाटीपासून काही मैल उंचीवर आला!

मग निघाली घरून दिलेली पिशवी. सौभाग्यवतींनी तीत सागरगोटेही घातले होते. अडीच वर्षांचे मूल ते तोंडात घालील आणि घशात अडकतील, म्हणून कन्येने ते घरीच काढून ठेवले होते. उरले ते असे : झाकणांच्या तीन डब्या, एक सुती पंचा, आणि तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल. कन्येची युक्ती अशी की सर्व वस्तू एकदम काढावयाच्या नाहीत. एक जुनी झाल्यावाचून दुसरी दाखवावयाची नाही. नातवाने डब्यांची झाकणे लावली, काढली, पुन्हा लावली. जेवण आले तेव्हा कागदी रुमाल वाटण्याचे काम त्याजकडे दिले. ते त्याने मोठ्या जबाबदारीने केले, आणि एक रुमाल त्या पुढच्या गृहस्थांसही दिला. ते हसले. पट्टे सोडण्याची सूचना होई तेव्हा मी त्याला वाटेवरून फिरवून आणी. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून घोटघोट पाणी पाजीत होतो. बैल मात्र शेवटी निघाला, तो पंचाच्या गोठ्यातून!

भ्रमणध्वनीवरची चित्रे दाखवावी की नाही, यावर आम्हां बापलेकींत थोडा वाद झाला. या वयाच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा दाखवू नये, कमी तितके बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. मी तो दाखला दिला. कन्या म्हणाली, “मी थकले आहे, बाबा.” तेव्हा अर्धा तास चित्रे लागली, तिचा डोळा लागला, आणि मी वाद पुढे चालविला नाही.

शेवटी आपल्याकडची रात्र झाली. पोर पेंगुळले, पण झोपेना. त्याला मांडीवर घेऊन मी हलक्या आवाजात म्हणू लागलो : बदनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर, भुसावळ. पुन्हा बदनेरा. तिसऱ्या फेरीस शेगावी त्याचे डोळे मिटले. विमान उतरू लागले तसे त्याला उठवून दूध पाजले. गिळण्याने कानांतील दाब सुटतो.

आगगाडीत जग मुलापुढून जाते. विमानात ते आपणच व्हावे लागते, एवढाच माझ्या अनुभवाचा मथितार्थ.

महिन्याभराने मी अमरावतीस परतलो. परवा कन्येने दूरध्वनीवर सांगितले की, रात्री निजताना तो तिच्याकडून स्टेशने म्हणवून घेतो, आणि अकोला आले की स्वतः म्हणतो, “आजी, दशमी.” मी हा निरोप अकोल्यास विहीणबाईंना कळविला. पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही.