६३ अंश

सू-व्हीडचं यंत्र सवलतीत मिळतंय. पाण्याच्या भांड्याला अडकवायची एक जाड दांडी. ती पाणी फिरवत राहते आणि ठरवलेल्या तापमानावर तासन्‌तास धरून ठेवते. पदार्थ हवा काढलेल्या पिशवीत. १९७४ मध्ये फ्रान्समधल्या रोआनच्या त्र्वाग्रो रेस्तराँसाठी जॉर्ज प्राल्यूस यांनी फ्वा ग्रा असं शिजवलं, कारण एरवी चरबी वितळून त्याचं वजन फार घटायचं.

मला ओढ आहे ती अंड्याची. ६३ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की बलक मधासारखा दाटतो, पांढरं मात्र जेमतेम धरतं. त्यातलं मुख्य प्रथिन घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एका कवचात दोन स्वभाव, आणि दोघांनाही सवड दिलेली. हे मला विलक्षण सुंदर वाटतं.

बाबांच्या आजारपणात घरात सगळं घाईनं शिजलं. औषधाची वेळ, डबा, रिक्षा. ते जाऊन बराच काळ लोटला, तरी माझ्या हातून गॅस मोठाच होतो. घाई आता कुणासाठी, कोण जाणे.

पण आमच्याकडे रोज लागतं ते वरण, उसळ, भाजी. त्यांना उकळीच हवी. राजम्याला तर खळखळून. मटण पिशवीत मऊ होईल, पण खरपूसपणासाठी पुन्हा तवा तापवावा लागणारच. मग उरतं ते अंडं. त्यासाठी एवढे पैसे?

सवलत रविवारपर्यंत आहे. त्याआधी जाड बुडाचं पातेलं आणि थर्मामीटर घेऊन, मंद आचेवर एक अंडं करून बघणार आहे.